परत करायचा कॅमेरा

आमच्या चर्चच्या सभेत खोकलासुद्धा जपून खोकावा लागतो. तो ठरावाला अनुमोदन म्हणून इतिवृत्तात जाऊ शकतो. मी तर खोकलोही नव्हतो. मी एवढंच म्हणालो होतो, की "फोटो काढण्यात एवढं काय अवघड आहे?"

झालं होतं असं, की आमच्या एल्म लेकच्या लुथरन मंडळीची सचित्र नामावली दर पाच वर्षांनी निघते. प्रत्येक कुटुंबाचा फोटो, खाली नाव, पत्ता, फोन. फोन कुणाचा कुणाला हवा असतो देव जाणे, पण कोण किती जाड झालं हे बघायला नामावली फार उपयोगी पडते. एरवी बाहेरची एक कंपनी येऊन फोटो फुकट काढते आणि मग त्याच फोटोंच्या मोठ्या प्रती, कप, किल्ल्यांच्या साखळ्या आपल्या गळ्यात मारते. मागच्या खेपेला आमच्या समितीची अध्यक्ष बर्निस स्वतःच्या चेहऱ्याचे सहा कप घेऊन घरी गेली. तिला नाही म्हणता आलं नाही. आमच्याकडे कुणालाच नाही म्हणता येत नाही. मिनेसोटाच्या पाण्यातच तो दोष आहे.

म्हणून या वर्षी फोटो घरच्या घरी काढायचं ठरलं आणि नेमका त्याच क्षणी मी माझं ते वाक्य बोललो.

"डेल्मर करतो म्हणतोय," बर्निस लिहिता लिहिता म्हणाली.

"छे छे, मला कुठलं जमतंय!" मी म्हणालो. ही दुसरी चूक. आमच्याकडे पहिले तीन नकार हे निव्वळ शिष्टाचारात मोजले जातात. कुणी केकचा तुकडा पुढे केला तरी तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा घ्यायचा. मी तीनदा नको म्हणालो, चौथ्यांदा श्वास घ्यायला थांबलो आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

घरी येताना गाडीत माझी बायको अर्लिस म्हणाली, "ऑर्विल फोटोला येणार नाही म्हणतो."

ऑर्विल म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याची बायको व्हर्ना मागच्या डिसेंबरात, नाताळच्या आठ दिवस आधी गेली. मागच्या नामावलीत दोघं एकसारखे लाल स्वेटर घालून बसलेत, आणि ऑर्विलच्या चेहऱ्यावरून स्वेटरची कल्पना कुणाची ते स्पष्ट दिसतं.

"डेल्मर, ज्यांचा फोटो नसतो त्यांच्या जागी ते राखाडी डोकं छापतात, माहीत आहे ना? नाक नाही, डोळे नाहीत, नुसतं डोकं. माझ्या भावाच्या नावावर ते डोकं आलेलं मला चालणार नाही. बाकीच्यांचे फोटो तू कसेही काढ."

"कसेही" या शब्दाने मी जरा दुखावलो, पण गाडी चालवत होतो, त्यामुळे बोललो नाही.

आता प्रश्न आला कॅमेऱ्याचा. आमच्याकडे एक जुना फिल्मचा कॅमेरा होता, त्याचं झाकण रबरबँडने बांधलेलं होतं आणि फिल्म धुऊन देणारं दुकान बंद होऊन तिथे नखं रंगवायचं दुकान निघालं होतं. दोन हजार सात साल होतं. दुकानात आता फक्त डिजिटल, आणि त्यातही दोन जाती. एक तो मोठा, गळ्यात अडकवायचा, लेन्सवाला, ज्याला डीएसएलआर म्हणतात. दुसरा साबणाच्या वडीएवढा, नेम धरा आणि दाबा.

मी शेजारच्या ड्वेनचा सल्ला घ्यायला गेलो. ड्वेनने हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्याला सगळं माहीत असतं, पण तो कधी मत देत नाही.

"मी काही सांगणार नाही हं," तो म्हणाला आणि पाऊण तास बोलला. "मोठ्या कॅमेऱ्यात लेन्स बदलता येते."

"कशाला बदलायची?"

"बदलायची नाही रे. बदलता येते."

"आणि छोट्यात?"

"छोटा पण वेगळा आहे."

इथे एक खुलासा करायला हवा. आमच्याकडे एखादी गोष्ट अतिशय आवडली, तर लोक "वाईट नाही" म्हणतात. त्यापुढे स्तुती जात नाही. गेली तर समोरच्याला काहीतरी झालंय असं समजून डॉक्टरला बोलावतात. आणि एखादी गोष्ट मुळीच आवडली नाही, तर "वेगळं आहे" म्हणतात. अर्लिसच्या आत्याने एकदा हिरव्या जेलीत गाजर आणि ट्यूना मासा घालून आणला होता, तेव्हा साठ माणसं एकामागून एक "वेगळं आहे हो" म्हणत पुढे सरकली होती. म्हणजे ड्वेनचा कौल मोठ्याला.

अर्लिसचा कौल छोट्याला. "खिशात बसतो. ऑर्विलला कळायच्या आत फोटो निघाला पाहिजे. तू तो तोफखाना बाहेर काढलास, तर तो कोठारात जाऊन ट्रॅक्टरखाली पडेल आणि जेवायलासुद्धा येणार नाही."

यात तथ्य होतं. पण चर्चचं काम! शंभर कुटुंबं नटूनथटून समोर बसणार आणि मी खिशातून साबणाची वडी काढणार? माणसाला काही मान आहे की नाही?

शेवटी आम्ही आमच्या लोकांनी करायचं तेच केलं. दोन्ही घेतले. आमच्याकडे दुकानात कुणी काही ठरवत नाही. वस्तू घरी आणायची, वापरून बघायची आणि तीस दिवसांच्या आत नको ती परत करायची. पडदे, गाद्या, बर्फ उडवायची यंत्रं, सगळं असंच. वीस मैलांवरच्या मोठ्या दुकानाला तर आम्ही आमच्या घरची अडगळीची खोलीच समजतो.

मात्र परत करायची वस्तू आली तशी गेली पाहिजे. मी एकतीस वर्षं गारपिटीच्या विमा कंपनीत होतो. कराराची बारीक अक्षरं शेतकऱ्यांना बोट ठेवून दाखवण्यात माझी हयात गेली. तेव्हा मोठा कॅमेरा मी अर्लिसचे पांढरे हातमोजे घालून बाहेर काढला. मागच्या पडद्यावरचं चिकट प्लास्टिक तसंच ठेवलं. गळ्यातल्या पट्ट्याची घडी मोडली नाही. पावती बायबलमध्ये ठेवली, म्हणजे हरवायला नको.

चर्चच्या तळघरात मी एक खुर्ची मांडली, मागे निळी चादर लावली आणि पहिल्या रविवारी हातमोजे घालून, शेजारी खोकं ठेवून उभा राहिलो.

"डेल्मर, तू शस्त्रक्रिया करणार आहेस का?" पास्टर लिंडस्ट्रॉमने विचारलं. पास्टर मोठ्या गमतीच्या बाई आहेत, फक्त प्रवचनात ते कळू देत नाहीत.

माहितीपुस्तिका एकशे शहाऐंशी पानांची होती आणि मी सदतिसाव्या पानापर्यंत पोचलो होतो. कॅमेऱ्यावर एक चक्र होतं, त्यावर अक्षरं, एक डोंगर, एक फूल आणि एक पळणारा माणूस. लुथरन माणूस यातल्या कशात बसतो ते पुस्तिकेत नव्हतं. मी फूल निवडलं. पहिला फोटो बर्निसचा. तिचं नाक असं काही आलं, की त्यावरचं प्रत्येक छिद्र मोजून घ्यावं. कान मात्र धुक्यात.

ड्वेनने पडद्यावर वाकून बघितलं. "नाक स्पष्ट आहे," तो म्हणाला.

बर्निसने चष्मा लावून बघितलं. "वेगळं आलंय हो," ती म्हणाली, आणि मी आतून खचलो.

तिकडे अर्लिस कॉफीच्या टेबलापाशी छोट्या कॅमेऱ्याने टकाटक फोटो काढत होती. तिचे फोटो स्वच्छ यायचे, पण दोन भानगडी होत्या. एक म्हणजे बटण आत्ता दाबावं तर फोटो थोड्या वेळाने, त्याच्या सवडीने निघायचा, तोवर माणूस निघून गेलेला असायचा. पास्टरांचा नुसता कोपर आला. दुसरं म्हणजे सगळ्यांचे डोळे लालभडक. एवढी भाविक मंडळी, पण फोटोत थेट नरकातून आल्यासारखी दिसत होती. आणि ऑर्विल? तो कॉफीलाही थांबला नाही. प्रार्थना संपली की हॅट डोक्यावर, आणि मागच्या दाराने गायब.

तीन रविवार असे गेले. ड्वेन येऊन चक्र पळणाऱ्या माणसावर नेऊन ठेवायचा, मी ते परत फुलावर आणायचो. पास्टरांचा नवरा म्हणाला, की त्याच्या मेव्हण्याने फोटो काढताना तेल लावलेल्या कागदातून प्रकाश पाडला होता. ओवाळायचं राहिलं होतं, बाकी सगळे उपाय झाले. चौथ्या रविवारी, सामूहिक जेवणाच्या वेळी, अर्लिस वाकली आणि छोटा कॅमेरा मशरूमच्या सुपात शिजवलेल्या बटाट्यांच्या गरमागरम परातीत पडला. पुसून काढला तर चालत होता. आजही चालतो; थोडा मशरूमच्या सुपाचा वास येतो, एवढंच. पण आता तो काही दुकान परत घेणार नव्हतं.

म्हणजे निर्णय आपोआप झाला. छोटा राहिला, मोठा जाणार. लाल डोळे संगणकावर काळे करता येतात, असं ड्वेन मत न देता म्हणालाच होता. त्याच आठवड्यात मी पावती शोधायला बायबल काढलं. कुठल्या पानात ठेवली ते आठवेना. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून चाळत निघालो; पावती तिसऱ्यात, नियमांनी भरलेल्या लेवीयात निघाली, जिथे सहसा कुणी फिरकत नाही. तारीख बघितली. तिसावा दिवस तोच होता.

आता वीस मैलांवरच्या दुकानात परतीच्या खिडकीवर बसते मार्लिस. मार्लिस आमच्याच चर्चच्या गायकवृंदात आहे. तिच्या खिडकीत दहा वाजता जे घडतं, त्यावर बारा वाजता अख्ख्या एल्म लेकमध्ये कॉफी पितात. डेल्मर हूसबीने चर्चच्या कामाचा कॅमेरा वापरून परत केला, हे मला ऐकायचं नव्हतं. म्हणून मी साठ मैलांवरच्या शाखेत जायचं ठरवलं. तिथे आपल्याला कुत्रंही ओळखत नाही.

तिथल्या परतीच्या रांगेत उभा राहिलो आणि पुढच्या माणसाची मान ओळखीची वाटली. ती ड्वेनची होती. त्याच्या काखेत हरणांच्या शिकारीला वापरायचा तंबू होता. त्याला अजून पाचोळा चिकटलेला होता. त्याच्या पुढे पास्टर लिंडस्ट्रॉम, हातात पाव भाजायचं यंत्र. मागच्या रविवारी प्रभुभोजनाला ताजा पाव होता, त्याचं सगळ्यांना कौतुक वाटलं होतं. आणि अगदी पुढे, खिडकीशी, शंभर कप कॉफीचं भांडं कवटाळून बर्निस.

सगळ्यांनी सगळ्यांना बघितलं. कुणीही कुणाच्या हातातल्या वस्तूकडे बघितलं नाही.

"थंडी पडायला लागली," ड्वेन म्हणाला.

"पडायचीच," मी म्हणालो.

"पण वाईट नाही," पास्टर म्हणाल्या.

खिडकीतल्या बाईने बर्निसला विचारलं, "काय बिघडलंय यात?"

"नाही नाही, भांडं उत्तम आहे," बर्निस घाईघाईने म्हणाली. "आम्हीच त्याच्या योग्यतेचे नाही."

त्याच वेळी मागून कुणीतरी माझ्या कोपराला हात लावला. वळून बघतो तर ऑर्विल. रांगेशेजारच्या बाकावर बसला होता. मांडीवर एक खोकं, त्याला नाताळचा कागद, एका कोपऱ्यात फाटलेला.

"तू काय परत करतोयस?" मी विचारलं. तसं विचारायचं नसतं, पण मेव्हणा होता.

"पाय गरम करायचं यंत्र," तो म्हणाला. "विजेवरचं. आत पाय घालून बसायचं."

"तुझ्यासाठी?"

"मला काय करायचंय? तिच्यासाठी घेतलं होतं. मागच्या नाताळला." त्याने फाटलेला कोपरा अंगठ्याने दाबला. "बर्फासारखे पाय असायचे तिचे. एक्केचाळीस वर्षं रोज अंथरुणात आली की माझ्या पोटऱ्यांना लावायची. मी ओरडायचो. म्हटलं, या वर्षी एकदाचा बंदोबस्त करून टाकू."

मग विमा कंपनीतली सवय म्हणून विचारलं, "मुदत?"

"जानेवारीतच संपली."

"मग इथे कशाला येतोस?"

"महिन्यातून एकदा येतो. नंबर लागला की मागच्याला म्हणतो, तुम्ही व्हा पुढे." तो सरकून बसला. "तू हो पुढे."

मी पुढे झालो. ड्वेन, पास्टर आणि बर्निस यांचं काम आटपलं होतं, तरी तिघंही दाराजवळ बर्फ काढायची फावडी निरखत उभे होते. एका फावड्यात निरखण्यासारखं किती असतं!

खिडकीतल्या बाईने खोकं उघडलं, प्लास्टिक बघितलं, पट्ट्याची घडी बघितली आणि माझ्याकडे आदराने बघितलं. "वापरलाच नाही वाटतं?"

"काळजी घेतली," मी म्हणालो.

"चालू असल्याचं दाखवा. एक फोटो काढा, कशाचाही."

मी कॅमेरा उचलला. हातमोजे घरी राहिले होते. चक्र कुठे होतं, फुलावर की डोंगरावर, हेही बघायचं सुचलं नाही. मागे वळलो, डोळा लावला आणि चौकटीत ऑर्विल आला. मला वाटलं, आता हॅट पुढे ओढणार. त्याने हॅट काढली. मांडीवरचं खोकं जरा उचलून शेजारी ठेवलं, कागदावरची चित्रं पुढे येतील असं फिरवलं, आणि फोटोसाठी बायकोच्या पाठीमागून हात घालतात तसा त्याच्यावर हात ठेवला. मग सरळ माझ्याकडे बघितलं.

मी बटण दाबलं. याने लगेच फोटो काढला, सवडीने नाही.

बाईंनी पडद्यावर बघितलं. "वाईट नाही," त्या म्हणाल्या. मग खोकं माझ्याकडे सरकवून, "आता फोटो साठवायच्या कार्डसकट सगळं खोक्यात भरा."

"कार्ड माझं आहे."

"कार्ड खोक्याबरोबर भेट आलेलं आहे. वस्तू परत, तर भेटही परत. हे बघा." आणि त्यांनी पावतीच्या मागच्या बाजूला, तळाशी, बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. माझ्यासमोर! एकतीस वर्षं ज्या बोटाने लोकांना घाम फोडला, तसंच बोट.

"मग यातले फोटो?"

"काढून देणारं यंत्र तिकडे असतं, पण ते दुरुस्तीला गेलंय. पुढच्या सोमवारी या."

"आज शेवटचा दिवस आहे."

"मग पुसून टाका. कचऱ्याच्या डब्याचं चित्र आहे ना, ते दाबायचं. दोनदा."

कचऱ्याचा डबा मला सापडला. पुस्तिकेतलं तेवढं पान मी वाचलेलं होतं. ऑर्विल बाकावरून उठून माझ्यामागे आला होता. "पुसून टाक, डेल्मर," तो हळूच म्हणाला. "माझ्यापायी तुला कशाला भुर्दंड? मी काही कुणाला सांगणार नाही."

"नाही," मी म्हणालो.

बाई थांबल्या. त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या नकाराची वाट बघत होत्या, त्याही आमच्याकडच्याच. ऑर्विलही थांबला. फावड्यांपाशी बर्निसने तोंडावर हात ठेवला. मी एकदाच म्हणालो आणि कॅमेरा, खोकं, पट्टा सगळं उचलून बाहेर आलो.

घरी अर्लिस ओट्यापाशी उभी होती. "परत नाही केलास," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. मी काही न बोलता पडदा तिच्यासमोर धरला. तिने हात पुसले, चष्मा शोधला, चष्मा लावून बघितलं, मग चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं.

"वाईट नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता तरी ते प्लास्टिक काढ."

नामावलीच्या छपाईआधी समितीत थोडी चर्चा झाली. फोटोत फक्त सदस्य असावेत, वस्तू नसाव्यात, असा नियम निघाला. मुद्दा कुणी काढला ते इतिवृत्तात आहे, मी सांगत नाही. बर्निसने विचारलं, की या फोटोत वस्तू कुठे आहे? कुणालाच दिसली नाही. चौदाव्या पानावर ऑर्विल आहे, शेजारी ते खोकं आहे, आणि खाली दोन नावं आहेत. बाकी सगळे फोटो अर्लिसच्या छोट्या कॅमेऱ्याचे. बर्निसचे डोळे मात्र घाईत लालच राहिले. तिने अजून तक्रार केलेली नाही, ती "वेगळं आहे" एवढंच म्हणते.

नाताळच्या आदल्या आठवड्यात ऑर्विल आपली प्रत घ्यायला आला. उभ्या उभ्या चौदावं पान उघडलं, बघितलं, बंद केलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. गाडीपर्यंत सोडायला गेलो तेव्हा राहवलं नाही.

"ते यंत्र कुठे आहे रे?"

"उघडलं," तो गाडीत बसत म्हणाला. "संध्याकाळी लावून बसतो."

"कसं आहे?"

"वाईट नाही. पाय मस्त गरम होतात." त्याने गाडी सुरू केली, थोडी मागे घेतली, मग थांबवली आणि काच खाली केली.

"पोटऱ्या मात्र उगाच गरम राहतात," तो म्हणाला.